पक्ष्यावर पडलेला उजेड : पैठण ते येडशी

बुधवार, पैठण

संभाजीनगरहून पैठण जेमतेम 50 किलोमीटर, पण निघायलाच दुपार झाली. सोबत पुण्याहून आलेला भाचा. पक्षी त्याच्या लहानपणापासून ओळखीचे, कॅमेरा मात्र यंदाच्या दिवाळीत घेतलेला, त्यावर 150-600 ची लेन्स. बिडकीन मागे पडेपर्यंत त्याने मांडीवर लॅपटॉप उघडून मला गेल्या महिन्यात काढलेले रोहित (फ्लेमिंगो) दाखवले. एकच थवा, एकच सकाळ, सगळे फोटो पाठोपाठचे. एकात पक्षी पिवळट, दुसऱ्यात निळसर, तिसऱ्यात चक्क केशरी.

"मामा, पक्षी तेच, ऊन तेच. मग रंग तीन कसे?"

व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग धरून फोटोतलं पांढरं पांढरंच ठेवणारी कॅमेऱ्यातली सोय, ऑटोवर होता. मी तिथल्या तिथे काही सांगितलं नाही. नाथसागर (पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय), नायगावचं मयूर अभयारण्य, येडशीचं रामलिंग आणि शेवटी धाराशिवजवळ मित्राच्या शेतात येळवस, म्हणजे वेळ अमावस्येची शेतातली पूजा, असा बेत आधीच ठरला होता. उजेडाचे चार वेगळे प्रकार वाटेत आपोआप भेटणार होते. उत्तर तिथेच मिळालेलं बरं.

संध्याकाळी सोनवाडीच्या बाजूला पाण्याच्या कडेला जाऊन बसलो. जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते 1965 मध्ये झाली, उद्घाटन इंदिरा गांधींच्या हस्ते 1976 मध्ये, आणि 1986 मध्ये या जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. धरण शेतीसाठी बांधलं, पण पसरट आणि उथळ असल्यामुळे ते पक्ष्यांचंही झालं. पावसाळा सरला की पाणी मागे हटत जातं, कडेला चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि त्यावर बदकं, करकोचे, तुताऱ्या उतरतात. फोटो काढणाऱ्याच्या दृष्टीने इथली खरी गोष्ट म्हणजे झाडं जवळजवळ नाहीत. वर आकाश, खाली पाणी, आणि एक सूर्य. उजेड समजून घ्यायला याहून सोपी जागा मराठवाड्यात मला माहीत नाही.

चिखलावर चक्रवाकांची एक जोडी होती. अंग विटकरी-केशरी, डोकं फिकट बदामी. मी भाच्याला म्हटलं, ऑटोवरच ठेव आणि आधी जोडी चौकटभर घे, मग लेन्स मागे घेऊन चौकटीत पाणीच पाणी येऊ दे. काढलेले दोन फोटो मागच्या पडद्यावर शेजारी शेजारी पाहिले. चौकटभर घेतलेल्या जोडीत विटकरी रंग फिका, मातकट झालेला. पाणी जास्त आलं त्या फोटोत तोच रंग भडक पिवळा-नारिंगी.

कारण असं. कॅमेऱ्याला पक्षी कोणता आणि उजेड कोणता हे माहीत नसतं. चौकटीत आलेले सगळे रंग एकत्र पाहून तो उजेडाचा अंदाज बांधतो. केशरी जास्त दिसलं की त्याला वाटतं उजेडच केशरी आहे, म्हणून तो निळं वाढवतो. निळं पाणी जास्त दिसलं की उलट, पिवळं वाढवतो. हल्लीच्या कॅमेऱ्यांचा ऑटो खूप सुधारला आहे, लग्नाच्या मांडवात किंवा घरात तो छान काम करतो. पक्ष्यांच्या बाबतीत मात्र चौकटीतली पार्श्वभूमी दर सेकंदाला बदलते. उडणारा बगळा पाण्यावरून निघतो, हिरव्या पाणकणसांपुढून जातो, मग आकाशात शिरतो. उजेड तसूभरही बदललेला नसतो, पण दर फोटोला कॅमेऱ्याचा अंदाज बदलतो. भाच्याच्या रोहितांचे तीन रंग तिथून आले होते.

"मग मी रॉमध्ये काढलं तर? नंतर बदलता येतं ना?"

येतं. रॉ फाइलमध्ये सेन्सरने टिपलेला उजेड जसाच्या तसा असतो, व्हाइट बॅलन्स ही सोबत चिकटवलेली नुसती सूचना असते. जेपीजीमध्ये ती रंगात मुरते, मग फार ओढाताण करता येत नाही. म्हणून रॉ हवंच. पण रॉ असलं तरी प्रश्न उरतोच: नंतर बदलायचं, पण कशाशी जुळवून? घरी बसून त्या पाण्यावरचा रंग आठवणीने लावायचा म्हटलं तर आठवण दोन दिवसांत पुसट होते. शिवाय कॅमेऱ्याचा हिस्टोग्राम, म्हणजे अंधार-उजेडाचा आलेख, आणि पांढरं जळाल्याची, म्हणजे जास्त उजेडाने तपशील गेल्याची, लुकलुक ही दोन्ही जेपीजीच्या हिशोबानेच दाखवली जातात. व्हाइट बॅलन्स खूप उबदार, म्हणजे पिवळ्या-केशरीकडे झुकलेला, ठेवला तर लाल रंग जळाला असं कॅमेरा सांगतो आणि आपण उगाच एक्स्पोजर कमी करून बसतो. रोहिताच्या पंखावरच्या लालीला हे हमखास होतं.

रात्री जेवण झाल्यावर भाच्याने ऑटो बंद केला.

गुरुवार, नाथसागराचा काठ

पहाटे साडेपाचला उठून पिंपळवाडीच्या अंगाने पाण्याकडे निघालो. काल एका मच्छीमार काकांनी सांगितलं होतं, "रोहित व्हय? ते तिकडच्या अंगाला उतरायलेत. पर उजाडायच्या आत जाऊन बसा, मागून गेलाव तर उठतेत." त्यांचं बोलणं शब्दशः खरं निघालं. अंधारातच त्यांचे आवाज ऐकू येत होते.

सूर्य उगवायच्या आधी जो उजेड असतो तो सगळा आकाशाचा असतो, त्यात सूर्याचा थेट किरण एकही नसतो. म्हणून तो निळा. केल्व्हिन या उजेडाचा रंग मोजायच्या एककाच्या भाषेत 8000 च्या वर, कधी 10000 लाही पोचतो. सातच्या सुमारास सूर्याची कड वर आली की तोच आकडा पार 3000 च्या आसपास येतो, मग ऊन चढेल तसा 4000, 4500, आणि साडेनऊ-दहापर्यंत 5000 च्या पुढे. दुपारच्या उन्हाला 5200 ते 5500 धरतात, ढगाळ हवेला 6000 च्या पुढे, उघड्या सावलीला 7000 ते 8000. कॅमेऱ्यातल्या ऊन, ढग आणि सावली या चित्रांमागे हेच आकडे आहेत, कंपनीगणिक थोडे इकडेतिकडे.

नव्याने शिकणारा इथे हमखास गोंधळतो. आकडा वाढवला की फोटो उबदार होतो, मग जास्त केल्व्हिन म्हणजे उबदार उजेड का? तर उलट. जास्त केल्व्हिनचा उजेड निळा असतो. कॅमेऱ्यात आपण आकडा भरतो तेव्हा त्याला सांगत असतो की बाबा, उजेड इतका निळा आहे, तू त्याप्रमाणे पिवळं घाल. आणखी एक: हे आकडे सारख्या पावलांचे नाहीत. 3000 वरून 3500 वर गेलं की फरक डोळ्यांत भरतो, 7000 वरून 7500 वर गेलं तर शोधावा लागतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ आकडा जपून हलवायचा आणि सावलीत थोडा सैल सोडला तरी चालतं.

उजाडलं तेव्हा समोर रोहित होते, बरेचसे झोपेतच, एका पायावर उभे. आपल्याकडे येणारा हा मोठा रोहित मुळात फार गुलाबी नसतोच. दुरून पांढराच वाटतो. अंगावर गुलाबीची नुसती झाक, पाय गुलाबी, चोच गुलाबी आणि टोकाला काळी. खरा लाल रंग पंखांत दडलेला असतो, तो उडताना काळ्या पिसांच्या शेजारी एकदम उघडतो. हा रंग त्याच्या खाण्यातून, शैवालातून आणि बारीक जीवांतून येतो. पिल्लं करड्या-तपकिरी रंगाची असतात आणि गुलाबी व्हायला त्यांना काही वर्षं लागतात. म्हणजे त्या फिकट झाकेत पक्ष्याचं वय आणि खाणं लिहिलेलं असतं. फोटोत तीच पिवळी किंवा जांभळी झाली तर आपण पक्ष्याविषयी खोटं सांगितलं, असं मला मनापासून वाटतं.

मग ग्रे कार्ड, म्हणजे कुठल्याच रंगाची झाक नसलेलं राखाडी कार्ड, काढलं. भाच्याची शंका रास्त होती: "पक्षी दोनशे मीटरवर. कार्ड तिथं कोण नेऊन ठेवणार?"

न्यायची गरजच नाही. सूर्य इतका दूर आहे की माझ्या हातावर पडणारं ऊन आणि त्या रोहितावर पडणारं ऊन यात काही फरक नाही, फक्त दोघंही उघड्यावर हवेत. अट एकच: पक्ष्याची जी बाजू आपल्याला दिसते, कार्डाचं तोंड त्याच दिशेला करायचं. सूर्य आपल्या पाठीशी असेल तर कार्डावर थेट ऊन पडलं पाहिजे. पक्षी उन्हाच्या विरुद्ध उभा असेल तर कार्डही तसंच धरायचं, म्हणजे त्यावरही फक्त आकाशाचा आणि पाण्याचा उजेड पडेल. त्या कार्डाचा एक फोटो घ्यायचा, फोकस नसला तरी चालेल, आणि ऊन बदलेल तसं वीसेक मिनिटांनी पुन्हा एक. मग लॅपटॉपवर त्या फोटोला सॉफ्टवेअरमधला रंग टिपणारा ड्रॉपर टेकवला की त्या वेळेचा आकडा मिळतो आणि तो सगळ्या फोटोंना एकदम लावता येतो.

कार्डाऐवजी वहीचा पांढरा कागद चालेल का, असं पुष्कळ जण विचारतात. नको. बहुतेक कागदांत चमक आणणारी रसायनं असतात. ती उन्हातल्या अतिनील किरणांनी निळसर चकाकतात, आणि कॅमेरा ते निळं काढायला म्हणून फोटोत पिवळं ओततो.

सूर्य वर आल्यावर पहिल्या कार्डाने सुमारे 3400 सांगितलं. तो आकडा लावला आणि भाच्याचा चेहरा उतरला. रोहित अगदी खरे दिसत होते, पांढरे, गुलाबी झाकेचे, पायांचा रंग बरोबर. पण पाणी निळंशार झालं होतं आणि सकाळ कुठेच नव्हती. भर दुपारी काढलाय असं कुणीही म्हटलं असतं.

या जागी मी थोडा थांबतो, कारण या कामातला सगळ्यात नाजूक मुद्दा हाच आहे. पहाटेच्या उजेडात उभे असताना आपले डोळे त्या उजेडाला बरेचसे सरावतात. बगळा आपल्याला पांढराच वाटतो, केशरी नाही. पण पूर्ण सरावत नाहीत, सकाळ सोनेरी आहे हेही कळत असतं. म्हणून 5200 वर काढलेला भडक केशरी फोटो जितका चुकीचा, तितकाच 3400 चा धुतलेला फोटोही अपुरा. मी त्या सकाळच्या फोटोंना 4300 च्या जवळ ठेवलं. कार्डाने सांगितलेला आकडा जमीन दाखवतो, मग तिच्यावर सकाळ किती ठेवायची ते ज्याने ती पाहिली त्याने ठरवायचं. पण जमीन आधी माहीत हवी. ती नसताना केलेली उबदार सकाळ हा निव्वळ अंदाज असतो.

कार्डाचा कोरा आकडा वापरायची वेळही लगेच आली. चिखलाच्या कडेला एक तुतारी शेपूट हलवत चालत होती. ठिपकेवाली की हिरवी? दोघी दिसायला जवळच्या. ठिपकेवालीचे पाय पिवळसर, हिरवीचे गडद हिरवट. त्या कोवळ्या उन्हात कुठलेही पाय पिवळेच दिसणार. भाचा म्हणाला ठिपकेवाली. 3400 लावून पाहिलं तरी पाय पिवळसरच राहिले, भुवईची रेघ डोळ्यामागे लांबवर गेलेली, पाठीवर ठिपके भरपूर. ठिपकेवालीच. अशा नोंदी आपण संकेतस्थळांवर टाकतो, पुढे अभ्यासक त्यावर विसंबतात, तेव्हा पायांचा रंग उजेडाचा की पक्ष्याचा हे आपल्याला सांगता आलं पाहिजे. डॉ. सालिम अली यांनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला निजामाच्या राज्याचं पक्षी सर्वेक्षण केलं, आणि तेव्हा आपला मराठवाडा त्याच राज्यात होता. त्या काळी पक्ष्याचा नमुना गोळा केला की डोळा, चोच आणि पाय यांचे रंग ताबडतोब चिठ्ठीवर लिहून ठेवायची रीत होती, कारण मेल्यावर ते रंग लवकर फिके पडतात. पिसांचा रंग संग्रहालयात टिकतो, पायांचा टिकत नाही. आज आपण पक्षी मारत नाही, फोटो काढतो. त्या चिठ्ठीचं काम आता व्हाइट बॅलन्सने करायचं आहे.

साडेनऊनंतर पाण्यावरून वाफ थरथरायला लागली, लांबच्या लेन्सने काही धड येईना. पाचोडला हायवे धरला आणि गेवराईवरून बीड गाठलं. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांची रांग संपता संपत नव्हती.

शुक्रवार, नायगाव

बीडपासून नायगाव साधारण 20 किलोमीटर, पाटोदा तालुक्यात. बालाघाटाच्या उतारावरचं झुडपी, कोरडं रान. 1994 मध्ये मोरांसाठी म्हणून अभयारण्य जाहीर झालं.

रस्त्यात तारेवर चाष (नीलपंख) बसला होता. भाच्याने काच वर असतानाच दोन फोटो घेतले, कारण काच खाली केली की तो उडतो हा त्याचा अनुभव. फोटोत चाषाची छाती हिरवट-राखाडी आली. गाडीच्या काचेला बहुधा हिरवी झाक असते, आपल्या डोळ्यांना ती जाणवत नाही. गाडी थोडी पुढे नेऊन इंजिन बंद केलं, काच आधीच खाली करून ठेवली आणि त्याला परत बसू दिलं. चाष हा व्हाइट बॅलन्स तपासायला मला फार आवडणारा पक्षी आहे, कारण त्याच्या अंगावर दोन टोकं शेजारी शेजारी आहेत: पंखांत फिकट आणि गडद निळे पट्टे, छातीवर गुलाबीकडे झुकणारा तपकिरी. निळं वाढवलं तर पंख शोभिवंत होतात पण छाती जांभळी पडते. पिवळं वाढवलं तर छाती खुलते आणि पंख हिरवे होतात. दोन्ही एकाच वेळी बरोबर दिसले तरच आकडा बरोबर.

तो निळा रंग मुळात रंगद्रव्याचा नाहीच. पिसाच्या आत अतिशय बारीक पोकळ्यांची रचना असते, ती निळा उजेड परत फेकते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी पक्ष्यांच्या पिसांच्या रंगावर 1934 मध्ये जो शोधनिबंध लिहिला, त्यात याच चाषाची पिसं अभ्यासली होती. भाच्याला हे माहीत नव्हतं. त्याने फोटो पुन्हा मोठा करून पाहिला.

रानात शिरलो तेव्हा ऊन तिरपं होतं. मोर दिसले, पण पिसाऱ्याविना. पावसाळा संपताना मोर पिसारा गाळतो आणि नवा यायला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंतचा वेळ लागतो. भाचा जरा हिरमुसला. मला मात्र मानेचा रंगच हवा होता. एक नर बाभळीखालून उघड्यावर आला, उन्हात मान निळीजर्द दिसली, त्याने मान वळवली तशी हिरवी झाली, परत वळवली तर जांभळ्याची कड. पैठणीच्या पदरावर धूपछाव असते ना, उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्याचा, तसंच. मोराच्या पिसात उजेड ज्या कोनातून येतो आणि आपण ज्या कोनातून पाहतो त्यावर रंग ठरतो. म्हणून मोराच्या मानेवरून कधीही व्हाइट बॅलन्स ठरवू नये. "निळा बरोबर दिसेपर्यंत" स्लायडर ओढत बसलं तर तो कधीच बरोबर होणार नाही, कारण बरोबर निळा असा एक नसतोच. मोराच्या चेहऱ्यावर डोळ्याच्या वर आणि खाली उघड्या कातडीचे पांढरे पट्टे असतात, ते उन्हात जळालेले नसतील तर त्यांवर ड्रॉपर टेकवून पाहता येतो. जळालेले असतील तर नाही. जळालेल्या पांढऱ्यात तिन्ही रंगांची माहिती कापली गेलेली असते, तिथला आकडा फसवतो.

दुपारनंतर हवा धुरकट झाली, कुठेतरी उसाचं पाचट पेटवलं असावं. अशा हवेत ऊन पिवळं-तांबूस होतं. कार्डाचा नवा फोटो घेतला आणि तासाभरापूर्वीचा आकडा सोडून दिला.

शनिवार, येडशी

रामलिंगचं देऊळ दरीत आहे, गर्द झाडीत. रावणाला जटायूने इथेच अडवलं अशी कथा सांगतात, जटायूची समाधीही दाखवतात. पक्षी पाहणाऱ्याने आधी तिथे हात जोडावेत असं मला वाटतं, आणि आम्ही जोडले. वानरांपासून पिशव्या सांभाळत ओढ्याच्या काठाने वर गेलो.

इथला उजेड नाथसागराच्या अगदी उलट. वरून पानांतून गाळलेला, बाजूने पानांवरून उसळलेला. सावली आहे म्हणून भाच्याने सावलीचं चित्र लावलं, निळेपणा गेला, पण दयाळाचं पांढरं पोट शेवाळी हिरवं आलं. केल्व्हिनचा आकडा फक्त निळं आणि पिवळं यांच्यामध्ये सरकतो. हिरव्यासाठी दुसरा स्लायडर असतो, टिंट, हिरव्याकडून किरमिजीकडे जाणारा. पाण्यावर त्याला हात लावावा लागला नव्हता, झाडीखाली त्याच्याशिवाय भागत नाही.

पाण्यावरची युक्तीही इथे चालत नाही. मी उभा होतो तिथे कवडसा होता, दयाळ होता तिथे दाट सावली. माझ्या हातातलं कार्ड माझ्या उजेडाचं खरं सांगणार, त्याच्या नाही. पण दयाळ एकाच फांदीवर परत परत येतो. तो खाली किड्यांमागे गेला तेवढ्यात भाचा हळूच पुढे जाऊन त्या फांदीपाशी कार्ड धरून उभा राहिला, मी फोटो घेतला, तो मागे आला. थोड्या वेळाने दयाळ फांदीवर हजर, शेपूट उभी करून. पोट पांढरं आलं. फक्त पोटाच्या अगदी खालच्या कडेला हिरवी छटा राहिली, ती खालच्या गवतावरून आलेली होती. ती मी काढली नाही. तेवढी खरीच होती.

रविवार, येळवस

मार्गशीर्ष अमावस्येला धाराशिव-लातूरकडे माणूस गावात सापडत नाही, सगळे शेतात. मित्राच्या शेतात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोप, घातली होती, आत चुन्याने रंगवलेल्या पाच दगडांचे पांडव. पूजा झाली, मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर. मित्राची आई भाच्याला म्हणाली, "पोरा, कॅमेरा ठेव की जरा बाजूला. आंबील गरम करून पीत नसतेत, पी." तिने दुसरा तांब्या ओतला.

जेवण झाल्यावर भाच्याने स्वतःहूनच एक विचारलं. कार्ड गाडीत राहिलं तर चुन्याचे हे पांडव चालतील? चुना पांढराच की. मी त्याला कोपीत वाकून बघायला सांगितलं. कडब्यातून गाळलेला पिवळट उजेड, वर टाकलेल्या घोंगडीची सावली. दगड पांढरे, पण त्यांच्यावर पडलेला उजेड कोपीतला. पक्षी बाहेर उन्हात. मग त्याने मित्राच्या वडिलांच्या धोतराकडे पाहिलं. ते उन्हात बसले होते, धोतर लख्ख. जवळ गेल्यावर त्यालाच दिसलं: धोतराला नीळ दिलेली. त्या पांढऱ्यावर ड्रॉपर टेकवला असता तर अख्खं शिवार पिवळं झालं असतं. तो गुपचूप गाडीतून कार्ड घेऊन आला.

चारच्या सुमारास भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, आल्या. ज्वारी निसवून दाणे भरायला लागले की त्यांचे थवे येतात आणि शेतकरी गोफण घेऊन मचाणावर बसतो. डोकं, पंख आणि शेपूट काळी, बाकी अंग गुलाबी. हिवाळ्यात ती गुलाबी मळकट असते, पिसांच्या कडा बदामी. थवा ज्वारीवरून उठून आकाशात जातो, एकदम वळतो, पुन्हा पिवळ्या-हिरव्या ताटांपुढे येतो. ऑटोला हे झेपणं शक्य नव्हतं. भाच्याने उन्हात कार्ड धरलं, आकडा घेतला, 4200, आणि तो पक्का करून मग डोळा कॅमेऱ्याला लावला. काळी माती उजेड फारसा परत फेकत नाही, त्यामुळे उडत्या पक्ष्यांच्या पोटाखाली परक्या रंगाची झाक जवळजवळ नव्हती. पाण्यावर ती निळी असते, गवतावर हिरवी.

संध्याकाळी ओट्यावर लॅपटॉप उघडला. आधी रात्रीसाठी पडदा पिवळा करणारी सोय बंद करायला लावली, नाहीतर दिवसभराची मेहनत वाया. थव्याचे सगळे फोटो एका रंगाचे होते, आकाशातले आणि ज्वारीपुढचेही. एक फोटो त्याने निवडला: सात-आठ भोरड्या कणसांवरून उठताना, मागे काळं रान. 4200 वर गुलाबी खरी दिसत होती. त्याने आकडा सावकाश वर नेला, 4500, 4700, थोडं थांबला, 4800 वर ठेवला. मी 4600 ला थांबलो असतो. पण ऊन त्याने पाहिलं होतं, फोटो त्याचा होता. नोंदीसाठी 4200 ची प्रत वेगळी काढून ठेवली आणि भिंतीवर लावायला 4800 ची.